धारेवरची खळी

विल्मार कुआद्रोला वाकडं काही बघवत नसे. कुणाच्या घरी माते, म्हणजे भोपळ्याच्या पेल्यातून नळीनं ओढायचा कडू पाला-चहा, प्यायला गेला, तर बोलता बोलता उठून भिंतीवरची तसबीर सरळ करून येई. शेजारणीचं फाटक कुरकुरतं म्हणून त्यानं तिला न विचारता बिजागरी बदलली, आणि मग ती बाई कितीतरी दिवस दचकत राहिली, कारण नवरा घरी आला हे तिला त्या कुरकुरीवरूनच कळायचं. हा किस्सा त्याची बायको नेल्बा येईल त्याला ऐकवी. वर म्हणे, "ह्याच्या हातात जग दिलं तर हा नदी सरळ करील. मग मासे मेले की त्यांनाही ओळीत लावील."

तरुणपणी तो गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात कामाला होता. थंडगार शेडमध्ये आकड्याला टांगलेली अर्धी धुडं पुढं सरकत येत. आपल्या वाट्याचा काप घ्यायचा आणि धूड पुढच्याकडं ढकलायचं. धारेची अक्कल त्याला तिथं आली. सुरे सगळे एकसारखे होते, पांढऱ्या मुठीचे. सकाळी पेटीतून हाताला लागेल तो उचलायचा, संध्याकाळी पेटीत टाकायचा. कुणाचाही सुरा कुणाच्याही हातात चाले आणि तो कुणाचाच नसे. कारखाना बंद पडला तेव्हा माणसांची अवस्थाही काहीशी तशीच झाली.

त्यानंतर विल्मारनं घरामागच्या पत्र्याच्या खोपट्यात, जुन्या धुलाईयंत्राची मोटर लावून सहाण बसवली. रविवारच्या बाजारात जुनी पाती मिळत. ती आणायची, गंज काढायचा, पातं सरळ करायचं, मूठ बसवायची, आणि घोड्यांच्या जत्रेच्या आठवड्यात विकायची. पासो साउसे गावात लोक म्हणत, विल्मारकडं टाकलं की नवं होतं. हे ऐकलं की त्याला बरं वाटे. ह्यात दोष असू शकतो असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

त्या रविवारी शरद ऋतूचं कोवळं ऊन होतं. गावात आता गाडी येत नाही, त्यामुळं स्टेशनच्या आवारात बाजार भरतो. रुळांच्या मधोमध लोक चादरी अंथरतात. घरं रिकामी करणाऱ्या एका भंगारवाल्याच्या चादरीवर काळपट किटली, लगामाच्या कड्या, फुटका कंदील असं एक बोचकं होतं, आणि त्याच्या तळाशी सडलेल्या म्यानात एक सुरा. विल्मारनं सुऱ्याकडं पाहिलंच नाही. किटली उचलली, तिच्या बुडाशी बोट वाजवलं, तोंड वाकडं केलं आणि मग सगळं बोचकंच घेतलं. आपल्याला काय हवंय ते दाखवायचं नाही, हे त्याला येत होतं.

घरी येऊन त्यानं सुरा खिडकीपाशी धरला. पातं काळं, पण आतून निरोगी. शिक्का कुठंच नव्हता. मूठ शिंगाची आणि हाडाची, मधे पितळेची पट्टी, आणि सांधा इतका घट्ट की नख शिरेना. पाठीवर फिकट आडव्या-तिडव्या रेघा होत्या. एखादी जुनी कानस तापवून, ठोकून हे पातं केलेलं होतं, आणि करणाऱ्यानं कानशीचे दात मुद्दाम थोडे राहू दिले होते. धारेत मात्र टोकाच्या अलीकडं एक खळी पडली होती. विल्मारनं सहज अंगठा ठेवला, तर तो तिथं बसला. कागद कापून पाहिला. सुरा सरळ जाईना, एका अंगाला पळू लागला.

'कुणीतरी हयगय केलीय,' तो स्वतःशी म्हणाला.

दुपारी त्यानं मोटर चालू केली. ठिणग्या उडत राहिल्या. खळी नाहीशी व्हायला वेळ लागला, कारण ती भरता येत नाही. तिच्या दोन्ही बाजूंचं पोलाद तिच्या तळापर्यंत उतरवावं लागतं. मग त्यानं दोन्ही अंगं सारखी केली. संध्याकाळी सुरा पट्टीसारखा सरळ आणि चांदीसारखा पांढरा झाला. खालचा काळा भुगा झाडून त्यानं अंगणात टाकला.

नेल्बानं तो हातात घेऊन बघितला. "छान झालाय," ती म्हणाली. "दवाखान्यातल्यासारखा."

एवढं चांगलं काम करणारा माणूस आपला शिक्का का मारत नाही, हे विल्मारच्या डोक्यातून जाईना. म्हणून एका सकाळी तो सुरा कापडात गुंडाळून एर्मेस ओलिवेराकडं गेला. एर्मेस म्हातारा पूर्वी लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीचा मुकादम होता. सगळा मुलूख त्यानं पायाखाली घातला होता आणि कुठल्या घरी कुणाच्या कमरेला काय होतं ते त्याला पाठ होतं. आता डोळे अधू झाले होते. द्राक्षीच्या मांडवाखाली बसून तो दिवसभर माते ओढत असे.

"ये. नळी चावू नकोस, मागच्या वेळी चावलीस," एर्मेस म्हणाला आणि मातेचा भोपळा पुढं केला.

"काका, एक ओळखून द्या. शिक्का नाही."

म्हाताऱ्यानं सुरा घेतला. बघितलं नाही, पाठीवरून नख फिरवलं. खर्र असा बारीक आवाज आला. मग पितळेच्या पट्टीवर अंगठा दाबला.

"ओरोस्मान तेचेरा," तो म्हणाला.

"कोण हा?"

"रेल्वेच्या भट्टीवरचा लोहार. तुझ्या मिशा फुटायच्या आधी गेला. सांगून सुरे बनवून घ्यायचे लोक त्याच्याकडून. सांगायला जावं तर म्हणायचा, आधी जेवायला बोलव. घरी यायचा, कोपऱ्यात बसायचा, आणि तुम्ही मांस कसं खाता ते टक लावून बघायचा. दातांत घास धरून ओठांसमोर कापणारी माणसं आपण. नाक लांब असेल त्याला पातं आखूड. माझ्या आत्याच्या नवऱ्याला त्यानं पातं दिलंच नाही. म्हणाला, ह्यानं चमच्यानं खावं."

"मग शिक्का का नाही?"

"विचारलं की म्हणायचा, मी पाठ करतो, धार ज्याची त्यानं करावी." एर्मेसनं सुरा उलटा केला. "खरं होतं ते. पाठीवरून ओरोस्मान कळतो. धारेवरून धनी कळतो. प्रत्येकाची धार लावायची खोड निराळी, पोलादी कांडीवर पातं ओढायचा झटका निराळा. दहा-पंधरा वर्षांत पातं माणसासारखं..." बोलता बोलता त्याचा अंगठा धारेवरून आडवा गेला आणि थांबला. तो परत मागं आला. म्हाताऱ्यानं सुरा डोळ्यांपाशी नेला.

"हे कुणी केलं?"

"मी. बरा उतरलाय ना?"

"चर्चमधली मेणबत्ती झालीय," एर्मेस म्हणाला. "आता हा कुणाचा होता ते त्याच्या आईलाही सांगता यायचं नाही."

विल्मारनं मातेची नळी तोंडाला लावली. पाणी संपलं होतं. तरी तो ओढत राहिला.

"असलाच एक सुरा वारलेल्या सिक्स्तो लारोसाची बायको शोधतेय," एर्मेस सहज बोलून गेला. "इसोलिना. तिचं कंबरेचं हाड मोडलं ना, राजधानीच्या दवाखान्यात पडून होती, तेव्हा तिच्या शहाण्या भाच्यानं घर आवरलं. सिक्स्तोची खोकी भंगारात घातली. सुरा त्यातच गेला. बाजारात येते बघ काठी टेकत, निळा रुमाल बांधून. प्रत्येक चादरीवरचा सुरा उचलते, धार बघते, ठेवते. लोक हसतात. सिक्स्तोच्या धारेला खळी होती, बाईच्या गालाला असते तशी. इथं." त्यानं टोकाच्या अलीकडं बोट ठेवलं. "ह्याला होती का रे तसली?"

विल्मारच्या अंगठ्याला आठवत होतं. अंगठा हाताच्या मुठीत गेला.

"नाही," तो म्हणाला. "गंजाचे खड्डे होते नुसते."

हे वाक्य त्यानं तयार केलेलं नव्हतं. ते त्याच्या तोंडात कुठून आलं हे त्यालाही कळलं नाही. घरी जाताना रस्ताभर त्याला वाटत होतं, मागं वळावं, म्हाताऱ्याला म्हणावं, काका, होती. पण रस्ता सरळ होता आणि पाय घराकडं चालत राहिले.

पुढच्या रविवारी विल्मारनं आपल्या चादरीवर तो सुरा सगळ्यांच्या पुढं ठेवला. मूठ बाहेरच्या बाजूला वळवून ठेवली. ती मुठीवरून ओळखील, आपण म्हणू, घ्या बाई, तुमचाच आहे, झालं. सकाळभर तो निळ्या रुमालाची वाट बघत होता आणि रुमाल दिसला तेव्हा त्याला वाटलं, येऊ नये.

इसोलिना लारोसा बारकी, ताठ बाई होती. काठी टेकायची, पण काठीवर भार टाकायची नाही. ती चादरीपुढं उभी राहिली.

"तुम्ही तेच ना, सगळं नवं करणारे?"

"होय बाई."

"माझा भाचा नव्यासारखा करून देता का? जुना फार खराब निघाला."

शेजारचा कातडीवाला हसला. इसोलिना हसली नाही. तिनं वाकून सुरा उचलला. मुठीवरून बोटं फिरवली आणि क्षणभर तिचा चेहरा सैल झाला. "ओरोस्मानची मूठ," ती म्हणाली. "सगळ्यांना त्यानं अशाच केल्या. तीच शिंगं, तेच पितळ." मग तिनं पातं वर करून धार उन्हात धरली. अंगठा टोकाकडून मुठीकडं आणला. पुन्हा नेला. बाजार तिच्या पाठीमागं गलका करत होता आणि विल्मारला त्या अंगठ्याच्या सरकण्याचा आवाज ऐकू येत होता.

तिनं सुरा खाली ठेवला.

"नाही. हा कुणी कधी वापरलेलाच नाही."

"बाई, हा—"

"दोष नाही तुमचा. सुंदर आहे. कुण्या शहरवाल्याला विका." तिनं काठी सावरली. मग जरा थांबून, जणू त्यानं विचारलंच होतं अशी, म्हणाली, "माझ्याकडं सिक्स्तोचे फोटो पुष्कळ आहेत. फोटोत माणसाचं तोंड येतं. हात नाही येत. जेवताना तो समोर बसायचा आणि मला त्या धारेचा खड्डा दिसायचा. मी मधेच अंगठा ठेवायची त्यात. तो ओरडायचा, कापशील म्हणून. मला तो भिंतीला टांगायला नकोय हो. मला त्यानं जेवायचंय."

ती पुढच्या चादरीकडं गेली. तिथं तिनं एक भाजी चिरायची सुरीसुद्धा उचलून उन्हात धरली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवताना विल्मारनं नेल्बाला सगळं सांगितलं. नेल्बानं पाव मोडता मोडता ऐकून घेतलं. ती अशा वेळी टोमणे मारत नसे, त्यामुळं त्याला आणखीच भीती वाटली.

"जा आणि सांग तिला," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"जे मला सांगितलंस तेच."

"आणि हातात काय देऊ? सरळ पातं? तिचं जे होतं ते मी झाडून अंगणात टाकलं, नेल्बा. त्यावर तुझ्या कोंबड्या चालल्या."

"कोंबड्यांना मधे आणू नकोस. सुरा तिचा आहे. तुला तोंड लपवायचंय, ते वेगळं."

त्यानं पावाचा तुकडा ताटात फिरवला. खाली बघत असताना त्याच्या मनात एक विचार आला, आणि इतक्या कामसू विचाराला वाईट म्हणणं त्याला जमलं नाही. खळी झिजून पडते. जे झिजून पडतं ते झिजवता येतं.

त्यानं मोटरीला हात लावला नाही. यंत्राची खूण लपत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दुपारी गाव निजलेलं असताना तो खोपट्यात बसे आणि दगडावर, मग पोलादी कांडीवर, एकाच जागी धार ओढत राही. आठवत होतं तिथं, आठवत होती तेवढी. अंगठा ठेवून बघे, पुन्हा ओढे. बाहेर माशा आणि उन्हाचा आवाज. कधीकधी त्याला वाटे, ह्या कामाची लय आपली नाही, कुणीतरी दुसरंच आपल्या मनगटातून हलतंय. पूर्वी कधी त्यानं कुणाच्या झाडाचं संत्रंही तोडलं नव्हतं. आता तो एका मेलेल्या माणसाचा हात उचलून आणत होता, सवडीनं, रोज थोडा थोडा. एका माणसानं आयुष्यभर जेवून जी खूण केली होती, ती विल्मार कुआद्रो काही आठवड्यांत करत होता, आणि ती चांगली जमत होती. हेच त्याला सगळ्यांत जास्त लागलं. चांगली जमत होती.

पातं काळं करायला त्यानं ते व्हिनेगरमध्ये ठेवलं, मग वापरलेल्या मातेच्या चोथ्यात पुरलं. बाहेर काढलं तेव्हा ते जुनं दिसत होतं. नेल्बा दारात उभी राहून बघत होती. मग ती कपडे वाळत घालायला गेली.

रविवारी दुपारी, बाजार उठल्यावर, तो इसोलिनाच्या घरी गेला. अंगणात लाकडं पेटली होती आणि जाळीवर बरगड्यांचा एक पट्टा निखाऱ्यावर घाम गाळत होता. एकटी बाई एवढं मांस का भाजतेय असं त्याला वाटलं. मग लक्षात आलं, रविवारी ह्या घरात एवढंच भाजत असणार, पूर्वीपासून.

"पलीकडच्या गावच्या बाजारात मिळाला," तो म्हणाला. हेही वाक्य सहज आलं. आता वाक्यं सहज येत होती.

तिनं कापड उलगडलं. मूठ हातात घेतली. अंगठा धारेवर ठेवला, आणि तो खळीत जाऊन बसला.

ती हळूच बाकावर बसली. बराच वेळ ती पुढं पाहत होती, निखाऱ्यांच्याही पलीकडं. तिचा अंगठा मात्र तिथंच होता. विल्मार उभा होता. टोपी काढावी का घालावी हे त्याला समजत नव्हतं.

"हाच," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, नुसती हवा होती. मग तिनं नाक पुसलं. "बसा. तुम्ही जेवल्याशिवाय जायचं नाही. गेलात तर काठी फेकून मारीन, आणि माझा नेम चांगला आहे."

"बाई, घरी नेल्बा..."

"नेल्बाला एक बरगडी घेऊन जा. बसा म्हणते ना."

तो बसला. तिनं ताटं मांडली. मीठ, पाव, बाटलीतली लाल दारू. बोलत होती ती, फार वर्षांनी कुणाशी बोलावं तशी. सिक्स्तो सुरा घेऊन झाडाखाली कसा झोपे, तो पावसात कसा चिडे, ओरोस्मान लोहार जेवायला आला होता त्या दिवशी ह्याला घास गिळवेना, कारण समोरचा माणूस हाताकडं टक लावून बघतोय. विल्मार मान हलवत होता. त्याचा घास दातांतच फिरत होता.

मग तिनं स्वतःसाठी एक बरगडी उचलली, मांसाचं टोक दातांत धरलं आणि ओठांसमोरून सुरा वर ओढला. घास सुटला. तिनं चावला. दुसरा घेतला. तिसऱ्या वेळी तिनं सुरा वर ओढला आणि ओढता ओढता थांबवला.

ती पात्याकडं बघत राहिली. मग बरगडी ताटात आडवी ठेवून तिनं एक लांब काप घेतला. काप हाडाला समांतर, सुतासारखा निघाला. अजून एक घेतला. तोही तसाच.

"तुम्ही उजव्या हाताचे ना?" तिनं विचारलं.

"हो."

"सिक्स्तो डावरा होता."

विल्मारला पुढचं कळलं, पण ते ऐकावं लागणार होतं.

"त्याच्या डाव्या हातानं धार लावलेला सुरा माझ्या हातात कधी सरळ चालला नाही," इसोलिना म्हणाली. "मी घेतला की हाडाकडं पळायचा. लग्न झालं त्या आठवड्यापासून मी त्या सुऱ्याला शिव्या दिल्यात. सिक्स्तो हसायचा, म्हणायचा, तो फक्त माझं ऐकतो." तिनं सुरा टेबलावर ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ नये असा. "हा माझं ऐकतोय."

निखाऱ्यावर चरबी पडली आणि चुरचुरली.

"खळी छान केलीत. किती दिवस लागले? कीव आली होती का माझी?"

"बाई, हा त्याचाच आहे."

"नका हो."

"त्याचाच आहे," विल्मार म्हणाला, आणि मग त्यानं सांगायला सुरुवात केली. बोचकं, किटली, मोटर, भुगा, एर्मेसला मारलेली थाप, तिच्यासमोर मिटलेलं तोंड, दुपारच्या झोपेच्या वेळा, व्हिनेगर. काही राखून ठेवलं नाही. बोलताना त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता आणि तो आवाज खोटं बोलणाऱ्या माणसासारखा लागत होता. "हा कागदावर एका अंगाला पळत होता. पहिल्याच दिवशी मी पाहिलं होतं ते. मला वाटलं, खोट आहे. मी सरळ केला."

इसोलिनानं सगळं ऐकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"पळत होता हे तुम्ही आत्ता सांगताय," ती म्हणाली. "मी सांगितल्यावर."

"पण खरंच..."

"असेल खरं. मी नाही म्हणत नाही. त्या दिवशी मी तुमच्या चादरीपुढं उभी होते, हात तुमच्यासमोर होता माझा. तेव्हा म्हणाला असतात, बाई, मी घासून टाकला, तर मी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या, काठीनं मारलं असतं, पण मानलं असतं. आज काय मानू? तुम्ही म्हणता म्हणून? एर्मेसला विचारायला जाऊ? त्याला तर तुम्ही खळीच नव्हती म्हणून सांगितलंत." तिनं खळीकडं बोट केलं. "तुम्ही पुसलीत तेव्हा एक चूक केलीत. ती माझ्या भाच्यानंही केली. पुन्हा काढलीत ते मात्र..." तिला शब्द मिळाला नाही. तिनं तो शोधलाही नाही.

विल्मारनं हात मांडीवर ठेवले होते. उजवा हात त्याला फार मोठा वाटत होता.

"मी घेऊन जातो परत," तो म्हणाला.

"नको."

ती उठली, काठीशिवाय, आत गेली. आली तेव्हा तिच्या मुठीत काहीतरी होतं. तिनं ते त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. नाणं होतं, ज्याला आता पावाचा तुकडाही येत नाही असं. त्या मुलखात सुरा कुणी कुणाला फुकट देत नाही. दिला, तर दोघांमधलं काहीतरी कापलं जातं असं लहान पोरालाही माहीत असतं. म्हणून घेणाऱ्यानं एक नाणं द्यायचं आणि देणाऱ्यानं ते उचलायचं. एवढं केलं की चिंता मिटली. मात्र स्वतःची हरवलेली वस्तू परत मिळते तेव्हा नाणं कुणी देत नाही. कशाला देईल?

विल्मार नाण्याकडं बघत राहिला.

"उचला," इसोलिना म्हणाली. "तुम्ही शेजारी आहात, मला तुमच्याशी वाकडं नको."

"हे मी घेतलं तर बाई, मग हा त्याचा नाही असं..."

"माहितीये मला काय होतं ते. उचला, नाहीतर सुराही न्या आणि बरगडीही ठेवून जा."

त्यानं नाणं उचललं. ते थंड होतं आणि खिशात पडल्यावर त्याचा आवाजही झाला नाही. त्या क्षणी, त्याच्या स्वतःच्या संमतीनं, सिक्स्तो लारोसाचा सुरा पुन्हा हरवला. ह्या वेळी तो कुठं आहे हे दोघांनाही दिसत होतं.

तिनं नेल्बासाठी बरगडी कागदात बांधून दिली. नेल्बानं ती गरम केली आणि एकटीनं खाल्ली. "मऊ आहे," एवढंच म्हणाली. नंतर भांडी घासता घासता पाठमोरीच बोलली, "आज तरी सांगितलंस." विल्मारला ते कौतुक वाटलं नाही, आणि नेल्बानंही ते तसं म्हटलं नसावं.

पुढच्या रविवारी त्यानं चादर अंथरली आणि अर्ध्या तासानं निळा रुमाल दिसला. इसोलिना रुळांच्या पलीकडच्या टोकापासून सुरुवात करत होती, नेहमीसारखी. तिच्या कमरेला, एप्रनच्या पट्ट्याखाली, ओरोस्मानची मूठ दिसत होती. एका चादरीपाशी ती वाकली, सुरा उचलला, उन्हात धरला, ठेवला. पुढं सरकली.

विल्मारनं शेजारच्या कातडीवाल्याला आपल्या मालावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि तिच्याकडं गेला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग हातातली पिशवी त्याच्याकडं दिली.

"डोळे बरे आहेत ना तुमचे अजून? माझे दुपारनंतर धूसर होतात."

तेव्हापासून रविवारी तो तिच्याबरोबर फिरतो. त्याची चादर कातडीवाला सांभाळतो. गावात ह्यावर विनोद झाले, नेल्बानंही केले, मग तेही जुने झाले. उन्हाळ्यात तो तिच्यावर सावली पडेल असा चालतो. चादरीवर वाकून पाती उचलायचं काम आता त्याचं आहे, कारण तिची कंबर दुखते. तो प्रत्येक धार उन्हात धरतो, अंगठा टोकाकडून मुठीकडं नेतो, घाई करत नाही. तिच्या कमरेकडं बघायचं तो टाळतो. कधी वाटतं, पुन्हा एकदा सांगावं. मग तिची काठी पुढं पडते.

"हा?" ती विचारते.

"नाही, बाई."

"नीट बघा."

तो नीट बघतो. "नाही."

"बरं," ती म्हणते. "चला पुढं. त्या जाड्याच्या चादरीवर बघायचं राहिलंय."